हृदयप्रसरणाची श्राव्यातीत परीक्षा

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाचे हृदय दोन ठोक्यांच्या मधल्या काळात कितपत शिथिल होते व रक्ताने कसे भरते, हे श्राव्यातीत (माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या) ध्वनितरंगांनी अजमावण्याची पद्धती. व्यवहारात ती ‘इको’ या नावाने परिचित असलेल्या तपासणीचाच एक भाग असते.

हृदयाचे काम रक्त बाहेर ढकलण्याचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ढकलण्यापूर्वी ते भरावे लागते. त्यासाठी स्नायू शिथिल व्हावा लागतो आणि या शिथिलनासही ऊर्जा खर्ची पडते. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिल्यास डाव्या निलयाची (खालच्या कप्प्याची) भित्ती जाड व ताठ होते. असे निलय भरण्यास अधिक दाब लागतो. तो डाव्या अलिंदावर (वरच्या कप्प्यावर) व तेथून फुप्फुसांवर उलटतो आणि धाप लागते. आकुंचन समाधानकारक असूनही हृदय निकामी ठरू शकते ते यामुळे. वरंध घाटाच्या पायथ्याशी असलेल्या महाड-पोलादपूरसारख्या डोंगराळ भागात चढणीवर लागणारी धाप वयावर किंवा वाटेवर ढकलणे सोपे असते, म्हणून तेथे हा विकार विशेष फसवा होय.

वाढलेल्या रक्तदाबाचे याहून निराळे, तीव्र रूप याच परिसरात अभ्यासले गेले. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशानंतर रक्तदाब एकाएकी चढून फुप्फुसांत पाणी साचते, याची बारकाईने नोंद केली. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसीन या औषधाचा त्यावरील उपयोग त्यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला. विंचूदंशात प्रामुख्याने आकुंचनच दुबळे होते आणि बचावलेल्या रुग्णात ते बहुधा काही दिवसांत सुधारते. जुनाट रक्तदाबात मात्र आकुंचन टिकून राहते व प्रसरण आधी बिघडते. हे बिघडणे नाडी पाहून वा विद्युत् हृल्लेखावरून नीट कळत नाही.

स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेल्मुट हेर्ट्‌स यांनी १९५३ मध्ये हृदयाचे पहिले श्राव्यातीत आलेख घेतले. त्यासाठी धातूतील तडे शोधणारे उपकरण त्यांनी जहाजबांधणीच्या गोदीतून मिळविले होते. पुढे डॉप्लर परिणामाच्या आधारे वाहत्या रक्ताचा वेगही मोजता येऊ लागला. अलिंदातून निलयात रक्त दोन लाटांनी येते : पहिली ‘ई’, शिथिलनाबरोबर येणारी, दुसरी ‘ए’, अलिंदाच्या आकुंचनाने येणारी. तरुण निरोगी हृदयात पहिली मोठी असते. शिथिलन मंदावले, की ती खुजी व दुसरी उंच होते.

येथे एक पेच आहे. विकार वाढून अलिंदातील दाब चढला, की पहिली लाट पुन्हा मोठी होते आणि आलेख निरोगी माणसासारखा दिसू लागतो. या छद्म-सामान्य अवस्थेत रुग्णाची प्रकृती खालावलेली असताना अहवाल मात्र निर्दोष भासतो. म्हणून द्विदल झडपेच्या कड्याजवळील स्नायूचा स्वतःचा वेगही मोजतात. दाब चढला तरी तो सहसा मंदच राहतो. रक्ताचा ‘ई’ वेग या स्नायुवेगाच्या सरासरी १४ पटींहून अधिक असल्यास अलिंदातील दाब वाढल्याचा संशय घ्यावा, असे अमेरिकन व यूरोपीय संस्थांच्या २०१६ च्या संयुक्त शिफारशींत म्हटले होते. त्याच्या जोडीला अलिंदाचे आकारमान व त्रिदल झडपेतून उलट येणाऱ्या रक्ताचा वेगही विचारात घेण्यास त्यांत सांगितले होते. एकाच आकड्यावर निदान बेतणे धोक्याचे असते. उतारवयात पहिली लाट निसर्गतःच खुजी होते. अलिंद अनियमित थरथरत असेल, तर दुसरी लाट नाहीशीच होते.

उच्च रक्तदाब व प्रसरणदोष असलेल्या रुग्णांवरील २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात दोन भिन्न औषधोपचारांची तुलना केली गेली. दोन्ही गटांत रक्तदाब उतरला आणि स्नायूचा शिथिलनवेग जवळजवळ सारखाच सुधारला.