महाडीबीटीची फी 23 रुपये 60 पैसे, नंबर लावायचे पैसे नसतात



ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ठिबकसाठी महाडीबीटीवर अर्ज करताना पोर्टलची फी 23 रुपये 60 पैसे आहे. ती ऑनलाईनच भरली जाते आणि पावती तिथेच निघते. सीएससीवाला फॉर्म भरायची मजुरी घेईल ते वेगळं. आकडा आधीच विचारून घ्या.

पण "साहेबांशी बोलणं झालंय, 2-3 हजार द्या, नंबर लावून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ उठायचं. 2025 पासून सोडत बंद आहे, जो आधी अर्ज करेल त्याला आधी प्राधान्य. पैसे दिले म्हणून नंबर वर सरकत नाही.

दुसरी गोष्ट मोबाईल नंबरची. काही एजंट अर्जात स्वतःचाच नंबर टाकतात. मग निवडीचा मेसेज त्याला जातो, तुम्हाला पत्ता नाही, आणि कागदपत्रं अपलोड करायची मुदत संपते. नाहीतर तोच मेसेज दाखवून तो पैसे मागतो! नंबर आपलाच, आधारला जोडलेला टाकायला लावा. ओटीपी फोनवर कुणालाच सांगू नका, गावातला असला तरी.

पूर्वसंमती हातात येईपर्यंत दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नका; त्याआधीच्या बिलावर अनुदान निघत नाही.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाईल आली तर उघडायची नाही. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन लावा.

अर्ज भरायला ऑफिसला येताना आधार, फार्मर आयडी आणि तो मोबाईल सोबत आणा.