‘गेल्तो’ आणि ‘गेलो होतो’

नववी-दहावीतलं पोर ‘मला गोष्टी सांगायच्यात, रेडिओवर बोलायचंय’ म्हणालं की आईबापांचा पहिला प्रश्न असतो, त्यानं पोट भरेल का? आता त्याला दुसरा जोडला गेलाय: हे सगळं एआय करणार असेल तर पोरानं शिकायचं कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर शोधायला एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघू. पाच मिनिटांचा रेडिओ कार्यक्रम. ठिकाण माणदेशातलं म्हसवड, कारण तिथे माणदेशी फाउंडेशनची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ 2008 पासून चालते. म्हणजे आवाजाचं काम मुलांना हाकेच्या अंतरावर आहे.

विषय घरातलाच घ्यावा. 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चारा छावणी चालवली होती. आज नववी-दहावीत असलेली मुलं तेव्हा पाळण्यात होती किंवा नुकती चालायला लागली होती. समजा, अशी एक मुलगी छावणीत राहिलेल्या आजोबांना बोलतं करणार आहे.

तिने आधी एआयलाच विचारून बघावं: ‘चारा छावणीवर पाच मिनिटांचं निवेदन लिही.’ मजकूर काही सेकंदांत येईल आणि व्याकरणाने नेटका असेल. त्यात भेगाळलेली जमीन असेल, आभाळाकडे लागलेले डोळे असतील, बळीराजाची जिद्द असेल. हे असंच का येतं, तेही तिला सांगावं. हे यंत्र प्रचंड मजकुरावरून शिकलेलं असतं. इतक्या शब्दांनंतर पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त, हे ते मोजतं. हजारदा लिहिलं गेलेलं त्याच्या हाताशी असतं, पण तिच्या आजोबांची दावण कुणीच लिहिलेली नाही. हा मजकूर टाकून देऊ नये, वहीत चिकटवावा. पुढे तुलनेला लागतो.

मग फोन घेऊन आजोबांकडे. पंखा बंद करायचा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरायचा, आणि बोलणं सुरू होण्याआधी अर्धं मिनिट नुसती घराची शांतता टिपायची. जोडकामात ती हमखास उपयोगी पडते. ‘खूप त्रास झाला असेल ना?’ असा प्रश्न नको, त्याला ‘हो’ एवढंच उत्तर येतं. ‘छावणीत पहाटे उठल्यावर पहिलं काय करायचात?’ असं विचारावं. मध्ये तोडू नये. आजोबा म्हणतील, ‘जनावरं घिऊन छावणीत गेल्तो, तवा तू पाळण्यात हुतीस.’

आता एआय खरोखर कामाला येतं. 40 मिनिटांचं बोलणं हाताने उतरवायला दिवस जातो, यंत्र ते काही मिनिटांत करतं. फक्त ‘गेल्तो’चं ‘गेलो होतो’ आणि ‘तवा’चं ‘तेव्हा’ होण्याची शक्यता असते, कारण ऐकलेला आवाज ते ओळखीच्या, छापील रूपाकडे ओढतं. म्हणून मूळ आवाज लावून ओळ न ओळ तपासायची आणि यंत्राने बदललेला प्रत्येक शब्द लाल पेनाने परत लिहायचा. मला विचाराल तर सगळ्या शिक्षणातला हाच तास सर्वांत मोलाचा आहे. कान इथे तयार होतो.

माणदेशाला हा धडा नवा नाही. माडगूळचे लेखक व्यंकटेश माडगूळकर यांचं शालेय शिक्षण अर्धवट राहिलं, पण गावातली माणसं आणि त्यांची बोली त्यांनी कानात साठवली होती. 1949 मध्ये ‘माणदेशी माणसं’ आलं, 1955 मध्ये ‘बनगरवाडी’. त्याच वर्षी ते पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांच्या कामाला लागले. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर उमेदवारीत वि. स. खांडेकरांचे लेखनिक होते. दुसऱ्याचं वाक्य लिहून घेताना ते कसं उभं राहतं ते कळतं, आणि लाल पेनाचा तास तरी दुसरं काय शिकवतो?

निवेदन मुलीने स्वतः लिहावं. लिहून झाल्यावर यंत्राला ‘सुधारून दे’ म्हणू नये, ‘परगावच्या श्रोत्याला कुठे कळणार नाही?’ असं विचारावं. त्याचं ऐकायचं की नाही, ते तिने ठरवायचं. आणि आवाजाची परवानगी आधी घ्यायची, तो आजोबांचा असला तरी. आवाजाची नक्कल आता यंत्राने होते. सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या आशा भोसले यांनाही अशा नकलेविरुद्ध 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं.

पोटाच्या प्रश्नाचं उत्तर गोड करून सांगणार नाही. साचेबंद जाहिराती, वरवरची भाषांतरं, कसंबसं भरलेलं निवेदन ही कामं यंत्राकडे जात आहेत, आणि नवशिका पूर्वी त्यांवरच हात बसवायचा. तो सराव आता शाळेत आणि घरी द्यावा लागेल. चित्राकडे कल असेल तर एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा आणि पुढे जे. जे. हा रस्ता आहेच. आवाजाकडे, गोष्टीकडे कल असलेल्याने बारावीपर्यंत असे दहा कार्यक्रम पुरे केले, तर दाखवायला हातात काहीतरी असेल.

शेवटचं काम कापण्याचं. 40 मिनिटांतून पाच ठेवायची. ‘किती जनावरं विकायला लागली?’ या प्रश्नावर आजोबा चार सेकंद गप्प बसले असतील, तर उतरवलेल्या मजकुरात तिथे काहीच नसतं, दोन ओळी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. मुलीने ती जागा ऐकून शोधायची आहे, आणि ते चार सेकंद जसेच्या तसे ठेवायचे आहेत.