बेटांवरील अणुचाचणीस्थळे : उभारणी, देखभाल आणि मागे उरलेले काम

अणुचाचणी म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर आकाशात चढत जाणारा छत्रीसारखा ढग उभा राहतो. स्फोट क्षणार्धात संपतो. परंतु त्या एका क्षणासाठी धावपट्टी, धक्का, वीजघर, पाण्याची सोय आणि हजारो माणसांची राहण्या-जेवणाची व्यवस्था आधी उभी करावी लागते. ती खाऱ्या हवेत टिकवावी लागते आणि काम संपल्यावर तिचे काय करायचे हेही कोणाला तरी ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांच्या, विशेषतः एनेवेटॉक या कंकणद्वीपाच्या आधारे या बाजूचा विचार केला आहे.

1946 ते 1958 या काळात अमेरिकेने बिकिनी येथे 23 आणि एनेवेटॉक येथे 43 चाचण्या केल्या. ही ठिकाणे मोठ्या शहरांपासून दूर होती आणि प्रवाळाच्या कड्याआड जहाजांना नांगरण्यासाठी शांत पाणी होते. सरकारी भाषेत ती 'दुर्गम' होती. मात्र कोणापासून दूर, हा प्रश्न विचारावयास हवा. तेथे माणसे पिढ्यानपिढ्या राहत होती. मार्च 1946 मध्ये बिकिनीच्या 167 रहिवाशांना हलविण्यात आले. डिसेंबर 1947 मध्ये एनेवेटॉकच्या लोकांना सुमारे 200 किलोमीटर दूर उजेलांग येथे नेण्यात आले. चाचणीस्थळाच्या बांधकामातील पहिले काम म्हणजे वस्ती रिकामी करणे, असेच म्हणावे लागेल.

त्यानंतरचे बांधकाम मुख्यतः लॉस एंजेलिसच्या हॉल्म्स अँड नार्व्हर या अभियांत्रिकी कंपनीकडे होते. होनोलुलूपासून एनेवेटॉक सुमारे 4,400 किलोमीटर अंतरावर आहे. सिमेंट, लोखंड, लाकूड, इंधन, भाजी, सारे जहाजाने किंवा विमानाने आणावे लागे. स्थानिक म्हणून एकच साहित्य मुबलक होते, ते म्हणजे प्रवाळाचा चुरा. त्यातील मीठ काँक्रीटच्या आतील सळ्यांना गंज चढविते, ही अडचण किनारपट्टीवरील कोणताही गवंडी सांगेल.

सर्वांत अवघड प्रश्न पाण्याचा. कंकणद्वीपावर नदी नसते. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. अधिक उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते. काही कुटुंबांना हा थर पुरतो, हजारो माणसांच्या छावणीला पुरणे शक्य नाही. म्हणून समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातनाने गोडे करणारी यंत्रे बसवावी लागली. त्यांना इंधन लागे, आतील नळ्यांवर क्षार जमत आणि ते सतत खरवडावे लागत. नौबादच्या वाचकांना पाण्याच्या देखभालीचा हा मुद्दा अपरिचित नाही. येथील बहामनीकालीन कारेझ हा उतारावर भूगर्भातून पाणी आणणारा मार्ग आहे. त्याच्या उभ्या विवरांतून गाळ काढणे थांबले की पाणीही थांबते. बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते, गाळ काढणाऱ्याचे राहत नाही.

1 नोव्हेंबर 1952 रोजीच्या 'माइक' चाचणीवरून या व्यवस्थेची व्याप्ती लक्षात येते. त्या उपकरणासाठी द्रवरूप ड्यूटेरियम हवे होते, म्हणून पॅरी बेटावर अतिशीत वायूंचा कारखानाच उभारला गेला. मोजमापासाठी हेलियमने भरलेला, सुमारे 2.7 किलोमीटर लांबीचा प्लायवूडचा बोगदा बेटाबेटांवरून नेण्यात आला. सैनिक व नागरी मिळून साडेअकरा हजारांहून अधिक माणसे या कामात होती. स्फोटाने एलुगेलाब हे बेटच नाहीसे झाले व तेथे सुमारे 1.9 किलोमीटर रुंदीचे विवर राहिले.

ब्रिटनने ख्रिसमस बेटावर व फ्रान्सने मोरुरोआ येथे अशाच सोयी उभारल्या. फ्रान्सला तर हाओ या दुसऱ्या बेटावर स्वतंत्र विमानतळ-तळ चालवावा लागला. भारताने बेटाऐवजी वाळवंट आणि उघड्या आकाशाऐवजी भूगर्भ निवडला. तरी देखभालीचे तत्त्व बदलले नाही. 1974 साली पोखरण येथे वापरलेले विवर सुमारे 107 मीटर खोल होते. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी खोदलेली विवरे 1998 च्या चाचण्यांपर्यंत राखावी लागली. या दोन्ही प्रसंगी सहभागी असलेले डॉ. अनिल काकोडकर मराठी वाचकांना परिचित आहेत. विवर खोदणाऱ्या व राखणाऱ्या लष्करी अभियंत्यांविषयी मात्र आपल्याकडे फारच थोडे वाचावयास मिळते.

आता मागे उरलेल्या कामाकडे वळू. 1977 ते 1980 या काळात सुमारे 4,000 अमेरिकन सैनिकांनी एनेवेटॉकवरील दूषित माती व ढिगारे गोळा केले. 5 मे 1958 च्या 'कॅक्टस' चाचणीने रुनिट बेटावर पडलेल्या खड्ड्यात ही माती सिमेंटमध्ये कालवून भरण्यात आली. तिच्यावर सुमारे 46 सेंटीमीटर जाडीचे, 115 मीटर व्यासाचे काँक्रीटचे घुमटाकार झाकण बसविले गेले. खड्ड्याच्या तळाला मात्र कोणतेही अस्तर घातले नाही. प्रवाळ सच्छिद्र असल्याने भरती-ओहोटीबरोबर भूजल आत-बाहेर करते. आतील प्लुटोनियमचे अर्धायुष्य सुमारे 24,000 वर्षे आहे. खाऱ्या हवेतील काँक्रीट किती दशके टिकते, हे कोकणातील कोणत्याही धक्क्यावर पाहता येते. हे दोन आकडे वर्गात फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 2020 च्या अहवालात घुमट लगेच कोसळण्याचा धोका नसल्याचे म्हटले. घुमटाखालून येणाऱ्या किरणोत्सर्गापेक्षा बाहेरील खाजणाच्या तळाशी आधीच साठलेला किरणोत्सर्ग पुष्कळ अधिक आहे, हा तज्ज्ञांचा युक्तिवाद खराही आहे. परंतु त्याने बेटावरील रहिवाशाचे समाधान कसे व्हावे? 1980 मध्ये एनेवेटॉकचे लोक परतले ते दक्षिणेकडील बेटांवर. एप्रिल 2014 मध्ये मार्शल बेटांनी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतासह नऊ अण्वस्त्रधारी राष्ट्रांविरुद्ध निःशस्त्रीकरणासाठी अर्ज दाखल केले. प्रत्यक्ष सुनावणी भारत, पाकिस्तान व ब्रिटन या तिघांपुरतीच झाली आणि 5 ऑक्टोबर 2016 रोजी न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर ती प्रकरणे संपविली.

फावडे घेऊन माती भरणाऱ्या त्या सैनिकांना स्फोटाच्या वेळी हजर असलेल्यांप्रमाणे 'किरणोत्सर्गाशी संपर्क आलेले' मानले जात नव्हते. त्यांचा सफाईचा काळ संपून बेचाळीस वर्षे उलटली, तेव्हा ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेच्या कायद्याने त्यांना त्या यादीत घेतले.