पिकअप ट्रकला अलॉय व्हील्स लावताय? मग टायरच्या आत लपलेला हा सेन्सर आधी बघा!

लोखंडी डिस्क काढून चकचकीत अलॉय व्हील्स लावले की पिकअप ट्रकचं रुपडंच पालटतं. अमेरिकेत हा शौक जुनाच. पण नवी चाकं लावून गाडी रस्त्यावर आली की बऱ्याचदा डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. घोड्याच्या नालेसारखं चित्र आणि मध्ये उद्गारचिन्ह. मिनिट-दीड मिनिट लुकलुकतो आणि मग तसाच पेटून राहतो.

बघणाऱ्याला वाटतं, हवा कमी झाली असेल. पण हवा कमी असेल तर हा दिवा न लुकलुकता थेट पेटतो. लुकलुकण्याचा अर्थ असा, की गाडीला चाकातला सेन्सरच सापडत नाहीये!

हा सेन्सर आला कुठून? २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीचे लाखो टायर परत मागवावे लागले. ते मुख्यतः फोर्ड एक्स्प्लोररला बसवलेले होते. टायर फुटून, गाड्या उलटून दोनशेहून अधिक माणसं दगावली. हवा कमी, त्यामुळे टायर तापलेला, हेही त्यामागचं एक कारण होतं. त्याच वर्षी कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. एकूण वजनमर्यादा १०,००० पौंडांपर्यंत (सुमारे ४,५३६ किलो) असलेले पिकअपही त्यात आले. ठरलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के कमी झाली की दिवा पेटलाच पाहिजे. म्हणजे ४० पीएसआयचा टायर ३० वर आला की इशारा. एवढी हवा गेली तरी आजकालचा रेडियल टायर नुसत्या नजरेला ठीकच दिसतो!

काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच, एबीएसवरून अंदाज घेतला जातो. तिथे रिसेट केलं की काम झालं. इतरांचं मात्र तसं नाही.

सेन्सर बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या नळीला जोडलेला, रिमच्या आतल्या बाजूला असतो. काही जुन्या पिकअपमध्ये तो पट्ट्याने रिमला आवळलेला असायचा. लोखंडी डिस्कचा पत्रा पातळ, अलॉयची भिंत जाड. त्यामुळे एका चाकातला सेन्सर दुसऱ्यात नीट बसेलच असं नाही. भोकाचा आकार जुळला पाहिजे आणि आतली बैठक सपाट पाहिजे. नाहीतर हवा हळूहळू गळते.

ट्रकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादा साधारण ६५ पीएसआय असते. जड भाराच्या टायरमध्ये ८० पीएसआयपर्यंत हवा भरावी लागते. तिथे नटने आवळायचा धातूचा व्हॉल्व्हच हवा. त्याला निकेलचा मुलामा दिलेलीच पिन घालायची. साधी पितळी पिन ॲल्युमिनियमच्या नळीत गंजून अडकते आणि मग हवा भरायला गेलं की नळीच तुटते!

जुनेच सेन्सर वापरले तर? चालतं, पण रबरी वॉशर, नट आणि पिन नवी घ्यावी. बॅटरी आत सीलबंद असते, बदलता येत नाही. ती ५ ते १० वर्षं टिकते. सेन्सर सहा-सात वर्षांचा असेल तर टायर उघडलेला असतानाच नवा टाकलेला बरा. नाहीतर थोड्याच दिवसांत पुन्हा टायर काढण्याची मजुरी!

प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा क्रमांक असतो. तो गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखीचा करून द्यावा लागतो. काही गाड्यांत हे साध्या उपकरणाने होतं, काहींत गाडीच्या पोर्टला स्कॅनर जोडावा लागतो.

फ्रिक्वेन्सीही जुळायला हवी. अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांत ३१५ मेगाहर्ट्झ चालते, युरोपात आणि भारतात साधारणपणे ४३३. त्यामुळे अमेरिकेतल्या नातेवाईकाकडून स्वस्तात मागवलेला सेन्सर इथल्या गाडीशी बोलेलच असं नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. अलॉयबरोबर अनेकजण जास्त भाराचे टायरही घेतात. समजा मूळ दाब ३५ पीएसआय होता आणि नव्या टायरला ५० लागतो. कॉम्प्युटरमध्ये मात्र जुनाच आकडा! दिवा पेटेल तो २६ च्या आसपास, म्हणजे नव्या टायरची जवळपास निम्मी हवा गेल्यावर. काही गाड्यांत ही मर्यादा सर्व्हिस सेंटरला बदलून घेता येते. जिथे येत नाही, तिथे माल भरण्याआधी गेज लावून हवा तपासावी लागते.