ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही, तेव्हा

कुक्षीकडे कापसाची वेचणी चालू असते आणि गव्हाच्या पेरणीची घाई लागते, त्याच दिवसांत पहाटेचा गारवा वाढतो. थंडीने बॅटरीची ताकद घटते, इंजिनातले तेल दाट होते आणि ट्रॅक्टर ऐन वेळी अडून बसतो. अशा वेळी पुष्कळ शेतकरी बंधू स्टार्टर उतरवून थेट बाजारात नेतात. आमच्या मते ही घाई बरी नव्हे. दोष पुष्कळदा बॅटरीत किंवा तारांत असतो.

प्रथम दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके सैल आहेत, असे समजावे. टोकांवरचा पांढरा-हिरवट क्षार सोड्याच्या पाण्याने पुसावा; मात्र ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नये. बॅटरीची एक जाड तार ट्रॅक्टरच्या सांगाड्याला जोडलेली असते. तिथला नट मातीने व गंजाने भरतो आणि त्याकडे कुणी बघतही नाही! भरलेली बॅटरी रात्रभर विसावल्यावर मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या आसपास असेल तर ती चार्जिंगला द्यावी. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. हे सारे करूनही दिवे मंदावले, तर मग स्टार्टर उतरवावा.

दिवे लख्ख राहिले आणि स्टार्टर मुका, तर दोष बहुधा स्विच, सॉलेनॉइड किंवा त्यांच्या तारांत असतो. पण काही ट्रॅक्टर क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला आणल्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत. ते आधी पाहावे. इंजिन जोरात फिरूनही पेटत नसेल, तर वीज ठीक आहे. डिझेल संपले आहे का, नळीत हवा शिरली आहे का, बंद करण्याची दांडी ओढलेली राहिली आहे का, हे तपासावे.

एक युक्ती मात्र कुणीही करू नये. जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की इंजिन सुरू होते खरे, पण तेव्हा क्लच व गिअरचा सुरक्षा-स्विच टाळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो त्याच क्षणी चालू लागतो, आणि माणूस नेमका मागच्या मोठ्या चाकापुढे उभा असतो. अशाने कित्येक जण चाकाखाली सापडून दगावले आहेत. किल्ली सीटवर बसूनच फिरवावी. स्विच बिघडला असेल तर मिस्त्री येईपर्यंत ट्रॅक्टर उभा ठेवावा.