प्रोसेसरचा विद्युतदाब आणि काचीगुड्याचा मे महिना

मेजावरील संगणकाच्या प्रोसेसरला किती विद्युतदाब, म्हणजे रोजच्या बोलण्यात किती व्होल्टेज, मिळावे हे कारखान्यात ठरते; तो प्रोसेसर कोणत्या खोलीत चालणार आहे हे मात्र कारखान्याला ठाऊक नसते. मनमाडकडून येणाऱ्या लोहमार्गाने मराठवाड्याशी जोडलेल्या हैदराबादच्या काचीगुडा भागात ही खोली बहुधा दाटीने उभ्या असलेल्या जुन्या इमारतीतील असते, मे महिन्याच्या दुपारी बाहेरचे तापमान चाळिशीला टेकलेले असते, आणि संगणक अनेकदा सिकंदराबादच्या पार्क लेनवरील चेनॉय ट्रेड सेंटरमधून सुटे भाग निवडून जोडून घेतलेला असतो. याच महानगरात एएमडी या कंपनीचे आरेखन-केंद्र अनेक वर्षांपासून आहे आणि इंटेलनेही २०१९ मध्ये येथे आपले केंद्र उघडले, त्यामुळे प्रोसेसर घडवणारे अभियंते आणि त्याच्या उष्णतेने हैराण होणारे ग्राहक एकाच शहराचे रहिवासी आहेत. तरीही विद्युतदाब, वीजवापर आणि स्थैर्य यांचे नाते सामान्य ग्राहकापर्यंत क्वचितच पोहोचते, आणि पोहोचलेच तर वेग वाढवण्याच्या हौसेतून पोहोचते. वास्तविक उष्ण हवामानात राहणाऱ्याला या विषयाचा खरा उपयोग होतो तो अखेरचा थोडासा वेग सोडून देण्यासाठी.

प्रोसेसर म्हणजे अब्जावधी सूक्ष्म विद्युत-कळांचा, अर्थात ट्रान्झिस्टरांचा समूह होय. प्रत्येक कळ उघडताना आणि मिटताना थोडा विद्युतभार भरला जातो व रिकामा केला जातो, आणि या क्रियेत खर्च होणारी शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या व ठोक्यांच्या वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. ठोका म्हणजे ज्या तालावर सारी गणिते पुढे सरकतात तो ताल, आणि तो गिगाहर्ट्‌झमध्ये, म्हणजे सेकंदाला अब्जांच्या हिशेबात, मोजला जातो. दाबाचा वर्ग हिशेबात येतो ही गोष्ट येथे निर्णायक आहे, कारण १.२ व्होल्टचा दाब १.१ वर आणला तर वेग तितकाच राहूनही या प्रकारचा वीजवापर सुमारे १६ टक्क्यांनी घटतो. याखेरीज कळ मिटलेली असतानाही तिच्यातून थोडा प्रवाह झिरपत असतो आणि ही गळती दाबाबरोबर व तापमानाबरोबर वाढते, त्यामुळे तापलेला प्रोसेसर तेच काम करताना थंड प्रोसेसरपेक्षा अधिक वीज खातो, आणि ती वीज पुन्हा उष्णताच होऊन बाहेर पडते.

ठोका वाढवायचा तर दाबही वाढवावा लागतो, कारण अधिक दाबाने कळा अधिक चपळ होतात; पण हे नाते सरळ रेषेचे नसते. मधल्या टप्प्यात थोड्याशा दाबाने बराच वेग मिळतो, तर वरच्या टोकाला प्रत्येक वाढीव पावलासाठी दाबाची चढण उभी होत जाते. समजा, एखादा प्रोसेसर ५.५ गिगाहर्ट्‌झला १.३५ व्होल्ट आणि ५ गिगाहर्ट्‌झला १.१५ व्होल्ट मागतो. मग नऊ टक्के वेग सोडताच कळांच्या उघडझापीवर खर्च होणारी शक्ती जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी होते. उत्पादकांनाही हे पुरते ठाऊक आहे, परंतु स्पर्धेत आलेखावरील उंच दांडा विकला जातो, म्हणून डेस्कटॉप प्रोसेसर कारखान्यातूनच त्या उभ्या चढणीवर बसवून पाठवले जातात. एएमडीच्या ‘रायझेन ९ ७९५०एक्स’ या प्रोसेसरच्या वेष्टनावर १७० वॅट असे लिहिलेले असले, तरी त्याला सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डवर तो ज्या खोबणीत बसतो तिच्यातून, २३० वॅटपर्यंत ओढण्याची मुभा असते, आणि इंटेलच्या ‘कोअर आय९ १४९००के’ची मूळ शक्ती १२५ वॅट सांगितली जात असली, तरी त्याची वरची मर्यादा २५३ वॅट आहे. खोक्यावरचा आकडा हाच वीजवापराचा आकडा मानण्याची चूक म्हणूनच महागात पडते.

प्रोसेसर आपला दाब स्वतः मागून घेतो. कारखान्यातील चाचणीत प्रत्येक चिपसाठी कोणत्या वेगाला किती दाब लागेल याचा तक्ता तयार होऊन तो चिपमध्येच कोरला जातो, आणि चालू असताना प्रोसेसर त्या तक्त्यानुसार मदरबोर्डवरील दाब-नियामक मंडलाकडे मागणी नोंदवतो. हे मंडल वीजपुरवठा-पेटीकडून, म्हणजे एसएमपीएसकडून, येणारे १२ व्होल्ट उतरवून एक-सव्वा व्होल्टपर्यंत आणते. दाब इतका कमी असल्यामुळे प्रवाह प्रचंड लागतो: १२५ वॅट शक्ती १.२५ व्होल्टने पुरवायची तर १०० अँपिअर वाहावे लागतात, जे घरातील गिझरच्या प्रवाहाच्या अनेक पट आहे. इमारतीतील सगळे नळ एकदम सोडले की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसेच इथेही होते. प्रवाह वाढला की वाटेतील अत्यल्प रोधामुळेही प्रोसेसरपाशी दाब उतरतो, आणि एक मिलिओहम रोधातून १०० अँपिअर गेले की ०.१ व्होल्ट सहज गळतात. हा उतार हिशेबात धरूनच तक्त्यात थोडा जास्तीचा दाब ठेवलेला असतो. शिवाय साऱ्या चिप सारख्या निपजत नाहीत, वर्षानुवर्षांच्या वापराने कळा थोड्या मंदावतात आणि ग्राहकाची खोली तापलेली असू शकते, या शक्यतांसाठीही काही दाब राखून ठेवला जातो. दाब कमी करण्याची, म्हणजे अंडरव्होल्टिंगची, सारी कला या राखीव भागातून थोडे काढून घेण्याची आहे. तो राखीव भाग निरर्थक नसतो, एवढे भान मात्र राखावे लागते.

दाब जास्त झाला तर काय होते, याचा धडा इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनी दिला. २०२२ आणि २०२३ च्या अखेरीस बाजारात आलेल्या या प्रोसेसरांवर, विशेषतः वरच्या श्रेणीत, खेळ अचानक बंद पडू लागले, आणि विशेष म्हणजे पडद्यावर अनेकदा ग्राफिक्स कार्डाची स्मृती अपुरी पडल्याचा संदेश उमटत असे, त्यामुळे अनेकांचा संशय निर्दोष ग्राफिक्स कार्डावर गेला. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की प्रोसेसरच्या आतील सूक्ष्म-आज्ञावली, म्हणजे मायक्रोकोड, गरजेपेक्षा अधिक दाब मागत होती. उच्च दाब आणि उष्णता यांमुळे ठोका पोहोचवणारे मंडल अकाली झिजून प्रोसेसरला स्थिर चालण्यासाठी लागणारा किमान दाबच वर सरकत होता. ऑगस्ट २०२४ मधील सुधारणेने दाबाची मागणी १.५५ व्होल्टवर रोखली, सप्टेंबरमध्ये आणखी एक सुधारणा आली, आणि संबंधित प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. या प्रकरणातील सर्वांत बोधक भाग असा की दाबाच्या चुकीच्या मागण्यांपैकी काही संगणक जवळपास रिकामा असताना होत होत्या. सर्व गाभे, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे कोअर, राबतात तेव्हा शक्तीची मर्यादा आड येते आणि दाब आपोआप खाली राहतो; एक-दोन गाभेच क्षणभर सर्वोच्च वेगाला उसळतात तेव्हा दाब शिगेला पोहोचतो. पंखा शांत आहे, म्हणून प्रोसेसर सुखात आहे, असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

एएमडीचीही यातून सुटका झाली नाही. २०२३ मध्ये ‘रायझेन ७०००’ मालिकेतील काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्यावर स्मृती वेगाने चालवण्यासाठी दिला जाणारा एसओसी दाब १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित करावा लागला. दोन्ही प्रकरणांत मदरबोर्ड कंपन्यांनी सढळ हाताने ठेवलेल्या मर्यादांची चर्चा झाली, आणि ती योग्यच होती, कारण ग्राहकाने बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ आज्ञावलीत, पाऊलही न टाकता त्याचा प्रोसेसर उत्पादकाने सुचवलेल्या मर्यादेबाहेर चालत असल्याचे अनेक ठिकाणी दिसून आले.

दाब कमी पडला तर होणारे नुकसान वेगळ्या जातीचे असते. कळ मंदावते, उत्तर पुढच्या ठोक्याच्या आत पोहोचत नाही आणि शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य नोंदले जाते. ही चूक महत्त्वाच्या जागी झाली तर निळा पडदा येऊन संगणक बंद पडतो, आणि तो प्रकार तुलनेने सौम्यच म्हणायला हवा. कारण चूक एखाद्या आकडेमोडीत झाली तर संगणक चालूच राहतो आणि चुकीचे उत्तर बरोबर म्हणून साठवतो. प्रोसेसरमधील तात्पुरत्या स्मृतीला चूक ओळखण्याची सोय असते, पण बेरीज-गुणाकार करणाऱ्या मंडलांना ती बहुतांशी नसते. गूगलच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कारखान्याच्या नियत दाबावर चालणारे काही गाभेही असे मूकपणे चुकतात, हे नोंदवले आहे. मग राखीव दाब आपल्या हाताने काढून घेतल्यावर हा धोका वाढणारच. खेळासाठीच्या संगणकावर तो पत्करण्यास हरकत नाही. काचीगुड्यात ज्या संगणकावर व्यापाऱ्यांचे जीएसटी विवरण भरले जाते किंवा एखाद्या संशोधकाचा प्रबंध साठवलेला असतो, त्यावर मात्र तो पत्करणे अविचाराचे ठरते.

म्हणूनच स्थैर्याची चाचणी कधीही पूर्ण होत नाही. फक्त चूक सापडते किंवा अद्याप सापडलेली नसते. मर्सेन नावाच्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला ‘प्राइम९५’ हा कार्यक्रम या कामी प्रसिद्ध झाला, कारण त्याला बरोबर उत्तर आधीच ठाऊक असलेली अवजड गणिते तो प्रोसेसरकडून करवून घेतो आणि तफावत दिसताच थांबतो. पण सर्व गाभ्यांवर पूर्ण भार टाकणारी चाचणी उत्तीर्ण झालेला संगणक एका गाभ्याच्या उसळीत किंवा रिकामा असताना कोसळू शकतो, म्हणून हलक्या भाराखालीही काही दिवस त्याच्याकडे लक्ष ठेवावे लागते आणि विंडोजच्या नोंदवहीत ‘व्हीया’ या नावाखाली प्रोसेसरच्या चुकांच्या नोंदी पडतात का ते पाहावे लागते. शिवाय जानेवारीच्या रात्री घेतलेली चाचणी मे महिन्याच्या दुपारची ग्वाही देत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही त्याच पंख्याखाली जवळपास तितक्याच अंशांनी तापतो. त्यात हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशेहून अधिक मीटर उंचीवर असल्याने येथील हवा मुंबईपेक्षा सुमारे पाच टक्के विरळ असते आणि पंख्याने ढकललेली हवा तेवढी कमी उष्णता वाहून नेते, अर्थात हा फरक धूळ साचलेल्या जाळीपुढे किरकोळच म्हणावा लागेल.

संगणक बंद पडला की दोष घरातील वीजपुरवठ्यावर टाकण्याची रीत आहे. वास्तविक मुख्य पुरवठा २३० व्होल्टच्या थोडा वरखाली झाला तरी चांगली वीजपुरवठा-पेटी आपले १२ व्होल्ट स्थिर राखते, त्यामुळे त्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर घेणे बहुधा वायफळ खर्च ठरतो. खरी अडचण यूपीएसची असते. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच देऊ शकतो. २५० वॅट ओढणारा प्रोसेसर आणि जवळपास तितकेच ओढणारे ग्राफिक्स कार्ड राबत असताना वीज गेली, तर यूपीएस भार न पेलता जागीच मान टाकतो आणि ग्राहक प्रोसेसरच्या अस्थैर्याचा शोध घेत बसतो.

करण्याजोग्या गोष्टींत पहिली म्हणजे मदरबोर्डचा बायोस अद्ययावत करणे. त्यानंतर दाबाला हात न लावता शक्तीची मर्यादा खाली आणावी. एएमडी प्रोसेसरांसाठीच्या मदरबोर्डांवर ‘इको मोड’ या नावाने ही सोय असते आणि ती ६५ वॅटच्या श्रेणीवर ठेवल्यास सॉकेटमधून ८८ वॅटच ओढले जातात, तर इंटेलमध्ये दीर्घकाळासाठीची पीएल१ आणि अल्पकाळासाठीची पीएल२ या दोन मर्यादा स्वतंत्रपणे ठरवता येतात. या उपायात दाब आणि वेग यांची कारखान्याने ठरवलेली जोडी तशीच राहते, केवळ प्रोसेसर त्या उभ्या चढणीवरून खाली उतरतो, म्हणून स्थैर्याला धक्का लागत नाही. बायोसमध्ये जाण्याची भीती वाटत असेल तर विंडोजच्या वीज-व्यवस्थापनात प्रोसेसरची कमाल अवस्था ९९ टक्के केल्यानेही बहुतेक संगणकांत उसळीचा वेग बंद होतो. रोज आठ तास अवजड काम करणाऱ्या संगणकाचे १०० वॅट वाचले तर ३०० दिवसांत २४० युनिट वीज वाचते, आणि खोलीत तेवढी उष्णता कमी ओतली गेल्याने वातानुकूलन यंत्राचाही भार हलका होतो.

यापलीकडे जाऊन दाब कमी करायचाच असेल तर एएमडीच्या ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ या दाब घटवण्याच्या सोयीत उणे दहा अशा लहान पावलाने किंवा इंटेलमध्ये ०.०५ व्होल्टच्या घटीने सुरुवात करून प्रत्येक पायरीवर काही दिवस थांबणे बरे. उणे तीस हा आकडा दुसऱ्या कोणाच्या चिपवर चालला, म्हणून आपल्याही चिपवर चालेल असे नसते. काही संगणकांत ही सोय बंदच आढळते; दाब मुद्दाम घटवून प्रोसेसरमधील सुरक्षित कप्प्यातील गुपिते फोडण्याचा ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला २०१९ मध्ये उघड झाल्यानंतर इंटेलने ती वाट अनेक ठिकाणी बंद करायला लावली.

तेराव्या-चौदाव्या पिढीचे वापरलेले प्रोसेसर विकत घेताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. बायोसची सुधारणा पुढची झीज रोखते, झालेली झीज भरून काढत नाही. आणि आधीच्या मालकाने जुन्या मायक्रोकोडवर किती महिने काढले हे चिपकडे पाहून कळत नाही. अशा वेळी विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा चिपवरील क्रमांकानुसार वाढीव हमी अजून शिल्लक आहे का, हे पैसे मोजण्यापूर्वी तपासलेले बरे.