पाठ्यपुस्तकातला काळा-पांढरा चौकोन

वर्गात टॅब्लेट आणि मोबाइल अ‍ॅप यांचा वापर वाढवावा की आवरावा, याविषयीची चर्चा बहुधा उपकरणांच्या संख्येपाशीच थांबते. परंतु महाराष्ट्राचा गेल्या दोन दशकांतील अनुभव पाहता, उपकरण कोणाच्या हाती आहे आणि पाठ शिकवताना ते नेमके केव्हा उघडले जाते, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

या अनुभवाचा आरंभ नवी मुंबईपासून फार दूर झालेला नाही. खारघर-पनवेलचा परिसर ज्या रायगड जिल्ह्यात मोडतो, त्याच जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात येथील छोट्याशा एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग झाला आणि वीस-बावीस मुलांना प्रत्येकी एक छोटा संगणक मिळाला. पडदा फिरवून पाटीसारखा धरता येणारा आणि भर उन्हातही वाचता येणारा तो संगणक आजच्या टॅब्लेटचा पूर्वजच होता. मुलाच्या हाती यंत्र आले की शिकणे आपोआप घडेल, ही त्यामागची धारणा मात्र पुढे पेरू देशात तपासली गेली तेव्हा टिकली नाही. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात गणित व भाषेतील गुण वाढल्याचे आढळले नाही. मुंबई महानगरपालिकेनेही २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके भरलेले टॅब्लेट दिले. दप्तराचे ओझे हलके करण्याचा तो हेतू रास्तच होता, परंतु पुस्तकाची पाने पडद्यावर उतरवल्याने शिकवण्याची रीत बदलत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी छापील पुस्तकाच्या पानांवरच क्यूआर कोड, म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचता येणारे काळे-पांढरे चौकोन, चिकटवले आणि त्यांतून कविता, चित्रफिती व स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचवले. जपानमध्ये १९९४ साली मोटारींचे सुटे भाग ओळखण्यासाठी निघालेल्या या चिन्हात माहिती काहीशी पुनरुक्तीने साठवलेली असते, त्यामुळे त्याचा थोडा भाग मळला वा फाटला तरी मजकूर सापडतो; शाळकरी पुस्तकाचे वर्षअखेरीचे रूप आठवले, म्हणजे या गुणाचे महत्त्व कळते. पुढे ‘बालभारती’च्या पुस्तकांत असे कोड छापले जाऊ लागले, ते २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय शैक्षणिक मंचाशी जोडले गेले आणि डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. या पद्धतीचे खरे बळ असे, की तिला मुलागणिक यंत्र लागत नाही. शिक्षकाचा एक फोनही वर्गाला पुरतो.

जेथे प्रत्येक मुलाला स्वतंत्र पडदा खरोखर लाभदायक ठरतो, तो प्रांत सरावाचा आहे. अनुकूली अ‍ॅप, म्हणजे मुलाच्या चुका पाहून पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड करणारी प्रणाली, एकाच वर्गातील निरनिराळ्या पातळ्यांवरील मुलांना हाताळू शकते. दिल्लीत संगणकावरील अशाच एका प्रणालीच्या अभ्यासात सहावीतील मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असल्याचे दिसले आणि सुमारे साडेचार महिन्यांच्या वापराने त्यांची गती स्पष्टपणे वाढली.

नवी मुंबईत अ‍ॅपच्या वापराचा हा प्रश्न भाषेमुळे अधिक गुंतागुंतीचा होतो. येथील महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा चालवते, त्यामुळे मुलाच्या भाषेत नसलेले अ‍ॅप कितीही देखणे असले तरी शिक्षकाला ते बाजूलाच ठेवावे लागते. शिवाय घरात फोन असणे आणि तो मुलाला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: २०२१ च्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीत, घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. पहाटे तुर्भ्याच्या बाजार समितीत कामाला जाणाऱ्या माणसाबरोबर घरातला एकुलता फोनही बाहेर पडतो, तेव्हा अभ्यास त्याच्या परतण्यावर अवलंबून राहतो. अशा मुलांसाठी ‘दीक्षा’वरील पाठ शिक्षकाने आधीच उतरवून घेतलेला असणे, तो इंटरनेटशिवाय वर्गात दाखवणे आणि मुले अडखळतील तेथे चित्रफीत थांबवून फळ्याकडे वळणे, एवढी तयारी नव्या टॅब्लेटच्या खरेदीआधी व्हायला हवी.